टेबलाखालून परत आलेली अक्षरं : दुसरीतल्या एका मुलाचा प्रकरण अभ्यास

माझ्याकडे आलेल्या कागदावर तीनच वाक्यं होती. "वर्गात बसत नाही. पुस्तकं फाडतो. आधी शांत व्हायला शिकवा, वाचनाचं नंतर पाहू." मुलगा दुसरीतला, सात वर्षं पूर्ण झालेला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही आणि ओळख पटेल असे काही तपशीलही बदलले आहेत. प्राथमिक शाळेत वाचनात मागे पडलेल्या मुलांबरोबर मी काम करते. यातलं तिसरं वाक्य मी आजवर अनेक शिक्षकांकडून ऐकलंय, सुरुवातीच्या वर्षांत स्वतःही म्हटलंय. या मुलाबरोबर अठरा आठवडे घालवल्यावर मात्र ते वाक्य मला घातक वाटतं. का वाटतं, ते सांगण्यासाठी ही नोंद.

नुसतं पाहण्याचे पाच दिवस

पहिल्या आठवड्यात मी त्याला काहीच शिकवलं नाही. वर्गाच्या मागच्या कोपऱ्यात वही घेऊन बसले. पानावर तीन रकाने आखले होते: आधी काय घडलं, त्याने काय केलं, त्यानंतर काय झालं. शाळेच्या तक्रारवहीत फक्त मधला रकाना असतो. 'कंपासपेटी फेकली', 'शेजारच्याला ढकललं', 'बाकाखाली जाऊन बसला'. आधीचं आणि नंतरचं कुणी लिहीत नाही, आणि मुलाचं वागणं कळतं ते नेमकं त्या दोन रकान्यांतून.

मंगळवारचा भाषेचा तास. बाई धडा ओळीने वाचून घेत होत्या. एकाने एक वाक्य वाचायचं, मग पुढच्याने. आमचा मुलगा त्या रांगेत नववा होता. पहिली पाच मुलं वाचत होती तोवर तो खिडकीबाहेर बघत बसला होता, कुणाला त्रास नव्हता. सहाव्या मुलीने सुरुवात केली तसा त्याचा उजवा पाय हलायला लागला. सातव्याच्या वेळी पेन्सिल खाली पडली. ती उचलायला तो वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. आठवा मुलगा उभा राहिला आणि याने शेजारच्याची कंपासपेटी उचलून भिरकावली. सगळा वर्ग वळून बघायला लागला. बाई ओरडल्या, "ऊठ! बाहेर जाऊन उभा राहा."

तो उठला. मी त्याच्या खांद्यांकडे बघत होते. कानांपर्यंत चढलेले ते खांदे दाराशी पोचेपर्यंत खाली आले होते. व्हरांड्यात तो भिंतीला टेकून बसला आणि फरशीच्या फटीतून चाललेली मुंग्यांची रांग बघत राहिला, पंधरा मिनिटं. एवढा वेळ शांत बसलेला तो मला त्या आठवड्यात दुसरीकडे कुठेच दिसला नाही.

पाच दिवसांत असे १४ प्रसंग मी नोंदले. त्यांतले ११ वाचनाच्या किंवा फळ्यावरचं उतरवून घेण्याच्या तोंडावर घडले होते. तोंडी गणिताच्या तासाला एकही नाही, गोष्ट ऐकण्याच्या तासालाही नाही. उरलेले तीन सुट्टीतल्या मारामाऱ्यांचे. त्यांची जात वेगळी होती, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

तिसऱ्या रकान्यात जवळपास प्रत्येक वेळी एकच गोष्ट होती: तो वर्गाबाहेर गेला. आपण तिला शिक्षा म्हणत होतो, त्याच्यासाठी ती सुटका होती. नकोशी गोष्ट टळली की ती टाळणारं वर्तन पक्कं होत जातं; मानसशास्त्रात याला ऋण प्रबलन म्हणतात. आणि हे फक्त मुलाच्या बाबतीत घडत नाही. तो बाहेर गेला की वर्ग शांत होतो, बाईंचा तास पुढे सरकतो, म्हणजे बाईंनाही ताबडतोब बक्षीस मिळतं. मानसशास्त्रज्ञ जेराल्ड पॅटरसन यांनी १९८२ साली कुटुंबांबद्दल हेच लिहिलं होतं. मूल आणि मोठं माणूस दोघंही एकमेकांना नकळत असं शिकवत राहतात आणि दोघांची वागणूक हळूहळू घट्ट होते. वर्गातही असंच होतं. यात बाईंचा दोष काढावा असं मला तेव्हाही वाटलं नाही. वर्गात पन्नासच्या आसपास मुलं असताना, उडून आलेली कंपासपेटी एखाद्याच्या डोळ्याला लागेल या धास्तीत शिकवणाऱ्या बाईने दुसरं काय करायचं?

टेबलाखाली

दुसऱ्या आठवड्यात त्याला नक्की काय वाचता येतं ते बघायचं ठरलं. त्याआधी कान आणि डोळे तपासून घेतले. हे मी कधीच टाळत नाही, कारण नीट ऐकू न येणाऱ्या मुलाला 'ऐकत नाही' असं म्हणून वर्षानुवर्षं रागावलेलं मी पाहिलं आहे. दोन्ही ठीक निघाले.

माझ्या खोलीत आल्याबरोबर तो टेबलाखाली गेला आणि पाय पोटाशी घेऊन बसला. त्याला बाहेर काढण्यात माझी पहिली भेट गेली, हाती काही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला बाहेर ये म्हटलंच नाही. मीही जमिनीवर बसले आणि एक अक्षरकार्ड टेबलाच्या कडेखालून आत सरकवलं. बराच वेळ शांतता. मग कार्ड परत आलं, आणि पाठोपाठ अगदी कुजबुजल्यासारखा आवाज: "क". मी दुसरं सरकवलं. तेही आलं: "न". तिसरं कार्ड 'ध' होतं. ते आत गेलं आणि आतच राहिलं. मी काही विचारलं नाही, चौथं सरकवलं. थोड्या वेळाने दोन्ही कार्डं एकत्र परत आली, 'ध' खाली लपवलेलं. त्या लपवण्यातून मला जेवढं कळलं तेवढं कुठल्याही चाचणीतून कळलं नसतं. आपल्याला काय येत नाही हे त्याला नेमकं ठाऊक होतं आणि ते कुणाला दिसू नये एवढीच त्याची धडपड होती.

चार दिवस, दर वेळी सात-आठ मिनिटं, असं करत चित्र स्पष्ट झालं. दाखवलेल्या ४० अक्षरांपैकी २३ त्याला खात्रीने येत होती. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्यांत गोंधळ होता. काना लागलेले छोटे शब्द तो ओढून ताणून जुळवायचा. वेलांटीपाशी मात्र पूर्ण अडायचा. 'दिवा' हा शब्द त्याने "इद... इदवा" असा वाचला. ही चूक निष्काळजीपणाची नाही. आपल्या लिपीत ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे लिहितात आणि उच्चारात ती अक्षरानंतर येते. डावीकडून उजवीकडे इमानदारीने वाचणारं मूल ती आधीच वाचणार. आपण मोठी माणसं हा उलटापालटा प्रकार इतका सहज गिळून बसलो आहोत की मुलाला तो समजावून सांगावा लागतो हेच विसरतो.

ध्वनींचे खेळ घेतले. 'मासा' या शब्दातला म काढला तर काय उरतं, असं विचारलं. तो म्हणाला, "सा." त्याने 'मा' हे अख्खं अक्षर काढून टाकलं होतं. आपल्या लिपीत मुलाच्या मनात पहिल्यांदा अक्षर हाच एकक बसतो. म् आणि आ हे दोन वेगळे आवाज आहेत हे त्याच्या लक्षात उशिराच येतं, आणि काना-मात्रांचा सगळा डोलारा तर त्या समजेवर उभा असतो. सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध केला. अशा लिपींतला अक्षरसंच मोठा असल्यामुळे तो पुरता हाती यायला मुलांना पहिली एक-दोन वर्षं पुरत नाहीत, असं त्यातून दिसतं. म्हणजे या मुलाचा घोटाळा विचित्र नव्हता, तो वाटेतल्या एका टप्प्यावर थांबून राहिला होता.

मग मी त्याला एक गोष्ट ऐकवली आणि परत सांगायला लावली. ती त्याने जशीच्या तशी सांगितलीच, वर मला विचारलं, "पण बाई, त्याने दार उघडंच का ठेवलं?" गोष्टीतली ती फट माझ्याही लक्षात आली नव्हती. गफ आणि टनमर यांनी १९८६ साली मांडलेलं एक साधं सूत्र आहे: वाचून समजणं म्हणजे अक्षरांचा उलगडा गुणिले भाषेची समज. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्याजवळ असेल तर दुसरी कितीही भक्कम असून उपयोग नाही. या मुलाची समज वर्गातल्या कुणाहीपेक्षा कमी नव्हती. म्हणूनच रोज वाचताना आपलं काय होतंय हेही त्याला पुरेपूर समजत होतं.

आईशी बोलताना आणखी एक धागा मिळाला. पहिलीच्या वर्षात त्याचे आजोबा गेले. तो त्यांच्याजवळच झोपायचा. त्यानंतर घर बदललं, शाळा बदलली आणि मधले जवळजवळ तीन महिने तो शाळेत गेलाच नाही. वर्ग बाराखडी शिकत होता ते हेच महिने. नव्या शाळेत आला तेव्हा मुलं शब्द वाचत होती. सुट्टीतल्या मारामाऱ्या, रात्री दचकून उठणं, कुणी त्याची वस्तू उचलली की होणारा भडका, या सगळ्याची मुळं वाचनात नव्हती, आणि तसं मी कुठेही लिहिलेलं नाही. तो भाग शाळेच्या समुपदेशक ताईंनी हाती घेतला. आम्ही दोघी दर शुक्रवारी अर्धा तास एकत्र बसायचो.

'आधी शांत, मग वाचन' का नको

आराखडा ठरवायला सगळे बसलो तेव्हा वर्गशिक्षिकांनी पुन्हा तेच सांगितलं. "तो बसतच नाही, तर तुम्ही शिकवणार कसं? आधी त्याला बसायला तर लावा." त्यांचा मुद्दा वरवर बरोबर वाटतो. पण त्या आधी-नंतरमध्ये काळ जातो, आणि हा काळ परत मिळत नाही. कॉनी जुएल यांनी ५४ मुलांना पहिलीपासून चौथीपर्यंत पाहिलं आणि १९८८ साली लिहिलं, की पहिलीअखेर वाचनात मागे असलेलं मूल चौथीअखेरही मागेच असण्याची शक्यता ०.८८ होती, म्हणजे शंभरात अठ्ठ्याऐंशी. पॉल मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००८ सालच्या अभ्यासात, पहिलीत वाचन अडलेल्या मुलांमध्ये तिसरीपर्यंत वर्तनाच्या अडचणी दिसण्याचा धोका वाढलेला आढळला. आपण वर्तन निवळायची वाट बघत थांबतो आणि न येणारं वाचन तेच वर्तन रोज नव्याने तयार करत असतं.

मी सुचवलं ते असं: वाचनाचा तास हाच त्याच्या वर्तनावरचा उपचार समजायचा. दोन्ही कामं एकाच वीस मिनिटांत, एकाच टेबलाशी. आठवड्यातले चार दिवस, भाषेच्या तासाच्या आधी, म्हणजे वर्गात जाताना त्या दिवसाचं थोडं तरी त्याच्या हातात असेल. पाचव्या दिवशी, शुक्रवारी, फक्त एक मिनिटाची मोजणी: तेवढ्यात तो किती शब्द अचूक वाचतो ते.

आराखड्यातली सगळ्यात वादाची गोष्ट होती 'थांबा' कार्ड. तळहाताएवढ्या जाड कागदावर उघड्या पंजाचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत 'थांबा'. तासाला तीन कार्डं त्याच्याकडे द्यायची. वाचणं नको झालं की त्याने बोलायचंही नाही, फक्त कार्ड माझ्यासमोर ठेवायचं. मी त्याच क्षणी थांबणार. दोन मिनिटं विश्रांती, कसलेही प्रश्न नाहीत. मग परत त्याच जागी, पण काम थोडं छोटं करून. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांनी १९८५ साली दाखवून दिलं होतं की अवघड कामातून सुटण्यासाठी आदळआपट करणाऱ्या मुलाला मदत मागण्याचे शब्द शिकवले, आणि ते वापरल्यावर खरोखर मदत मिळाली, की आदळआपट कमी होते. या कार्डाच्या मुळाशी हीच कल्पना आहे. कंपासपेटी फेकून जे तो सांगत होता तेच त्याला सांगायला एक बरी वाट द्यायची.

"मग तो दर मिनिटाला कार्ड देईल," बाई म्हणाल्या. पहिल्या दिवशी तसंच झालं. चार मिनिटांत तिन्ही कार्डं संपली. मी तिन्ही वेळा थांबले. मला त्या दिवशी त्याला अक्षर शिकवायचंच नव्हतं. कार्ड दिलं की बाई खरंच थांबतात, हे त्याला कळायला हवं होतं.

वर्गासाठी दोनच बदल मागितले. रांगेने वाचन घेताना त्याला अचानक उठवायचं नाही, आदल्या दिवशी माझ्याकडे तयार केलेलं वाक्यच त्याच्या वाट्याला द्यायचं. आणि वर्गाबाहेर पाठवायचं नाही. कुणाला इजा होईल असं वाटलं तर अर्थातच मुलांना बाजूला करायचं, पण ते आवरल्यावर कामाचा एक छोटा तुकडा पुरा करून मगच सुटका. दुसरा बदल बाईंना जड गेला. तरी त्यांनी तो मान्य केला आणि पाळला, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

वीस मिनिटांत काय व्हायचं

सुरुवात नेहमी येत असलेल्या गोष्टींनी. तीन-चार सोपी कार्डं भराभर, मग एक अवघड, पुन्हा सोपी. सलग 'येतंय, येतंय' असं झालं की अवघड कार्डाशी पोचेपर्यंत मुलाला वेग आलेला असतो. तो चुकला तर मी 'चूक' म्हणायची नाही, 'नीट बघ' किंवा 'विचार कर' तर मुळीच नाही. जे ठाऊकच नाही ते विचार करून येत नाही, नुसती लाज वाढते. मी वाचायची, मग आम्ही दोघं मिळून वाचायचो, मग तो एकटा. दहा सेकंदांचं काम. दोन कार्डांनंतर तेच अक्षर पुन्हा समोर.

ध्वनींसाठी एल्कोनिन या रशियन मानसशास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाणारे चौकोन वापरले. कागदावर ओळीने चौकोन आखायचे आणि प्रत्येक आवाजाला एक सोंगटी पुढे सरकवायची. 'मा'साठी दोन सोंगट्या: म्, आ. पहिले चार दिवस तो एकच सोंगटी सरकवायचा. पाचव्या दिवशी तो "म्म्म" असं लांबवत राहिला, मग अचानक तोंड उघडून "आ" म्हणाला आणि दुसरी सोंगटी सरकवून माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "तोंड उघडलंस तेव्हा आवाज बदलला, कळलं ना तुला?" कौतुक असंच, नेमकं. 'शाब्बास, हुशार आहेस' असं म्हटलं की तो कार्ड पालथं घालायचा. हुशार म्हटल्याचा त्याला त्रास व्हायचा, कारण त्यानंतर चुकायची सोय राहत नाही.

वेलांटी मी सातव्या आठवड्यापर्यंत लांबवली. आली तेव्हा वेगळ्या कार्डावर आली. आधी 'द' ठेवायचा आणि म्हणायचा. मग वेलांटीचं लाल कार्ड त्याच्या डावीकडे आणून लावायचं आणि बोट द वरून वेलांटीकडे मागे न्यायचं. "लिहिताना पुढे, म्हणताना मागे," हे वाक्य त्याने स्वतः बनवलं.

वाचायला काय द्यायचं हाही प्रश्नच होता. त्याला झेपणारे शब्द पहिलीच्या पुस्तकात होते, आणि ते पुस्तक हातात धरणं त्याला अपमानाचं वाटायचं. म्हणून आम्ही त्याचंच पुस्तक केलं. व्हरांड्यातल्या मुंग्यांबद्दल तो सांगायचा, मी त्यातली त्याला वाचता येतील अशी वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहायची. 'मुंगी' या शब्दात उकारही आहे आणि अनुस्वारही, तरी तो शब्द त्याने दोन दिवसांत अख्खा ओळखीचा करून टाकला. चौथ्या पानासाठी त्याने सांगितलं, "मेलेल्या मुंगीला बाकीच्या उचलून नेतात." थोडं थांबून विचारलं, "कुठे नेतात?" मी जे खरं आहे ते सांगितलं, की वारुळापासून लांब, एका बाजूला नेऊन ठेवतात. तो बराच वेळ गप्प होता. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही. ते पान मी शुक्रवारी समुपदेशक ताईंना दाखवलं, आणि आजोबांबद्दल तो त्यांच्याशी पहिल्यांदा बोलला तो त्याच पानावरून.

चढउतार

तिसऱ्या आठवड्यात वर्तन बिघडलं. बाहेर पाठवणं बंद झाल्यावर त्याने आधी जे चालायचं तेच दुप्पट जोराने करून पाहिलं. बाक उलटवलं, एकदा पाटी फेकली. प्रसंग आठवड्याला १९ वर गेले. आजवर फळ देणारी वाट बंद झाली की ती आणखी नेटाने चालून बघणं स्वाभाविक आहे, आणि नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक आराखडे सोडून दिले जातात. ही वाढ येईल असं मी बाईंना आधीच सांगितलं होतं. सांगितलं नसतं तर त्यांनी मला तिसऱ्या आठवड्यातच थांबवलं असतं, आणि त्यांचं चुकलं असतं असंही मी म्हटलं नसतं.

पाचव्या आठवड्यापासून उतार लागला. प्रसंग आठवड्याला आठ, मग सहा. कार्डं दिवसाला तीनवरून एकावर आली. 'थांबा' हा शब्द तो कुठेही दिसला तरी वाचायला लागला होता, थ, अनुस्वार आणि काना यांच्यासकट.

दहाव्या आठवड्यात माझ्या हातून मोठी चूक झाली. पालकसभा जवळ आली होती. त्याची शुक्रवारची मोजणी बरी चालली होती, एका मिनिटात अचूक शब्द ४ होते ते १५ झाले होते. मला आईला काहीतरी दाखवायचं होतं. दीर्घ उकार आणि मात्रा पक्क्या व्हायच्या आत मी जोडाक्षरं असलेला उतारा त्याच्यासमोर ठेवला. दुसऱ्याच ओळीला तो अडला. त्याने 'थांबा' कार्ड ठेवलं आणि मी म्हटलं, "एवढी एक ओळ कर ना, मग थांबू."

त्याने उतारा फाडला नाही. शेजारी ठेवलेलं मुंग्यांचं पुस्तक घेतलं आणि ते मधोमध फाडलं.

ती कृती मी आजही विसरू शकत नाही. कार्ड ठेवलं की थांबायचं, हा शब्द मी दिला होता आणि मीच मोडला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला तसंच सांगितलं: "काल तू बरोबर कार्ड दिलंस. मी थांबायला हवं होतं. माझं चुकलं." त्याने काही उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी त्याने चिकटपट्टी मागितली आणि पुस्तक स्वतः जोडलं. पट्टी थोडी वाकडी बसली आहे, दोन अक्षरं तिच्याखाली पुसट झाली आहेत. आम्ही दोन टप्पे मागे गेलो. त्या शुक्रवारी मोजणी ९ वर आली, आणि पुन्हा १५ गाठायला तीन आठवडे लागले.

या एका मिनिटाच्या मोजणीबद्दल एक सांगते. ही पद्धत विशेष शिक्षणातले संशोधक स्टॅनली डीनो यांच्या कामातून आली. शिकवणं लागू पडतंय का हे वर्षअखेरच्या परीक्षेऐवजी दर आठवड्याला दिसावं, हा तिचा हेतू. ती शिक्षकासाठी आहे. मुलावर ती दडपण म्हणून यायला लागली की तिचा उपयोग संपतो. दहाव्या आठवड्यात माझ्याकडून नेमकं हेच झालं.

घरी

आई रोज रात्री त्याला तासभर वाचायला बसवायची. शेवट रडण्यात व्हायचा, कधी फटक्यात. मी तिला सांगितलं, एक महिना त्याला वाचायला अजिबात बसवू नका. झोपण्याआधी दहा मिनिटं तुम्ही त्याला वाचून दाखवा. ती खाली बघत म्हणाली, "बाई, मी पण अडखळते हो वाचताना." मी घाईने सल्ला दिला होता, तिला विचारायचं राहून गेलं होतं. मग ठरलं, की पुस्तक असलं तर चित्रं बघायची, नसलं तर नुसतं सांगायचं. आजोबा सांगायचे त्या गोष्टी तिला येत होत्या. तिने त्या सांगायला सुरुवात केली. रात्रीची भांडणं थांबली, यापलीकडे त्याचा वाचनावर किती परिणाम झाला ते मी मोजलेलं नाही, पण शाळेत येतानाचा त्याचा चेहरा बदलला हे वर्गशिक्षिकांनी आपणहून सांगितलं.

अठराव्या आठवड्यात

एका मिनिटात अचूक शब्द २७. ४० पैकी ३८ अक्षरं, काना, मात्रा आणि दोन्ही वेलांट्या ठीक. उकारात ऱ्हस्व-दीर्घाचा गोंधळ आहे. जोडाक्षरं नुकती सुरू झाली आहेत. लेखन बरंच मागे आहे. श्रुतलेखनात तो अजून तिसऱ्या शब्दाला पेन्सिल खाली ठेवतो. वर्गातले प्रसंग आठवड्याला दोन-तीन. सुट्टीतल्या मारामाऱ्या जवळजवळ होत्या तेवढ्याच आहेत. वाचन आलं म्हणून त्या कमी झाल्या नाहीत, होतील असं गृहीतही धरलं नव्हतं. समुपदेशन चालूच राहणार आहे.

यातलं नक्की कशाने काय झालं, ते वेगळं काढता येत नाही. कार्ड, रोजचं वाचन, बाहेर पाठवणं बंद होणं, आईने सांगितलेल्या गोष्टी, समुपदेशक ताईंशी बोलणं, आणि आजोबांना जाऊन लोटलेला काळ, हे सगळं एकाच वेळी चालू होतं. हे एका मुलाचं प्रकरण आहे. दुसऱ्या एखाद्या मुलाचा दंगा वाचनातून सुटण्यासाठी नसेल, कुणीतरी आपल्याकडे बघावं म्हणून असेल. तिथे हेच कार्ड उलटं पडेल. म्हणून ते तीन रकाने आधी भरायचे.

पुढच्या वर्षीच्या शिक्षकांसाठी मी फाइलमध्ये अर्धं पान लिहिलं आहे. त्याला न सांगता उठवून वाचायला लावू नका. 'हुशार' म्हणू नका, काय बरोबर केलं ते सांगा. तो कार्ड देईल तेव्हा थांबा, एक ओळसुद्धा जास्त मागू नका.

गेले तीन आठवडे त्याने कार्ड वापरलेलं नाही. एक कार्ड त्याच्या कंपासपेटीत असतं, कोपरे मऊ पडलेलं. फाइल पूर्ण करताना मी ते परत मागितलं. त्याने पेटी उघडून खात्री करून घेतली, पुन्हा बंद केली आणि म्हणाला, "असू दे ना बाई, माझ्याकडेच."